दादाचा मोबदला

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी भाताचं बी पेरत होते. भाचा नरेश एवढंच बोलला, "आते, बाबा गेले गो..." हाताची माती तशीच घेऊन मी सासरहून, आपट्याहून सुकापूरला गेले. कोणी न्यायला न येता माहेरी जायची ती माझी पहिलीच वेळ.

आई-बाबा गेल्यावर मी जमिनीवरचा हक्क दादाच्या नावे सोडला. आमच्याकडे बहिणी सोडतात. पनवेलच्या कचेरीबाहेर वकील कागद करत होते. त्यांनी विचारलं, "बहिणीला मोबदला काय देताय?" मी पदर तोंडाशी धरून बसले होते. दादा म्हणाला, "दरवर्षी लावणी झाली का मी तिला न्यायला जाईन. आठ दिवस म्हायेर. घर हाय तवर."

वकील हसले. "अहो, हे कागदात बसत नाही. उद्या तुम्ही नाही गेलात, तर ताई कुठल्या कोर्टात जाणार? आपण लिहू, प्रेमापोटी, विनामोबदला."

"लिवा तसंच. पण मोबदला हाय," दादा म्हणाला.

मी चौथी शिकलेली, तरी तेवढं मला समजलं. माझी सही पक्की झाली होती. दादाचा शब्द मात्र मोकळाच होता, त्याला कोणी बांधून घालणार नव्हतं.

लावणी संपली की तो बांधावर उभा दिसायचा. "चल गो, मोबदला आलाय!" आमचे हे तेव्हा होते. ते म्हणायचे, "आलं बघ समन्स. आता आठ दिवस आमी उपाशी." एका वर्षी दोघांचं भांडण झालं होतं. त्या वर्षी दादा घरात आला नाही, पाणीसुद्धा प्याला नाही, पण मला घेऊन गेला. मागच्या वर्षी त्याला चालवत नव्हतं. रिक्षातच बसून राहिला आणि रिक्षावाल्याला आत पाठवलं. सुकापूरला गेलं की आठ दिवस मला चुलीपाशी जाऊ द्यायचा नाही. "बस गो, दमलीस," म्हणायचा. नंतर दोघंही गप्प बसायचो... तसं गप्प बसायला आता कोणी नाही.

यंदाची लावणी संपली. नरेशचा फोन आला होता. "आते, कधी पण ये गो. तुझंच घर हाय." पोर मनापासून बोललं. त्याच्यावर माझा राग नाही, तो शब्द काही त्याने दिला नव्हता. घरही अजून उभं आहे. पण दादा "कधी पण ये" असं कधी म्हणाला नाही. तो यायचा.

काल सकाळी दोन चांगल्या साड्या धुऊन दोरीवर घातल्या. दुपारभर ओटीवर बसले. संध्याकाळी साड्या काढल्या, घड्या घातल्या आणि परत पेटीत ठेवल्या.