मुतऱ्या आणि दादाचा डोळा

या किड्याला पुस्तकात काय म्हणतात ते मला ठाऊक नाही, आणि विचारायलाही मी गेले नाही. न्हावऱ्याच्या रानात आम्ही खुरपणाऱ्या पोरी त्याला मुतऱ्या म्हणायचो. बोटाएवढा, काळाकुळकुळीत, पाठीवर सहा पांढरे ठिपके. कांद्याच्या वाफ्यातल्या अळ्या खात तुरुतुरु पळायचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण छेडला की ढुंगण वर करून अशी पिचकारी मारायचा, की कातडं चरचरायचं. शहाणी माणसं त्याला वाट द्यायची.

माझा दादा शहाण्यांतला नव्हता. बहात्तरचा दुष्काळ सरला होता आणि त्याला दौंडला रेल्वेत खलाशी, म्हणजे पडेल ते काम करणारा गडी, म्हणून लागायचं होतं. बाकी सगळं जमलं होतं, डोळ्यांची तपासणी तेवढी आठवड्यावर आली होती. तीत नापास झाला की परत मालकाच्या रानात खुरपं. आमच्या घरात रोजंदारीपलीकडं कुणी काही पाहिलंच नव्हतं. म्हणून स्वारी दिवसभर नजर पाजळत फिरायची. एसटीची पाटी लांबून वाच, झाडावरची पाखरं मोज. त्या दुपारी त्याला वाफ्यात मुतऱ्या दिसला. "सहा ठिपकं. हितनं दिसत्यात," म्हणाला, आणि खात्री करायला उचलून नाकाशी नेला.

मग जो बोंबलला, की पार हमरस्त्यापर्यंत ऐकू गेलं असेल. आईनं पाटाच्या पाण्यानं डोळा धुतला, पण तो लालभडक होऊन मिटला तो मिटलाच. "गेली रं नोकरी," आई म्हणाली. डोळा गेला असं नाही म्हणाली.

डोळ्यात काही गेलं की बाळंतिणीचं दूध घालायचं, हा आमच्याकडचा दवाखाना. आता रानात बाळंतीण एकच. मालकाची लेक, बाळंतपणाला माहेरी आलेली, हौदाशेजारच्या सावलीत बाळाला झोळीत टाकून बसलेली. आईनं लांबूनच तिला सांगितलं. पोरगी भली होती, नाही कसं म्हणू. लगेच आडोशाला गेली आणि वाटीत दूध घेऊन आली.

आणि उभ्याउभ्या वरून ओतायला लागली. सवयच ती. त्या घरचं पाणी आम्ही ओंजळीत वरूनच प्यायचो. पहिली धार दादाच्या कपाळावर, दुसरी कानात. मला हसू दाबवेना, आणि रागही असा आला होता, की वाटीच हिसकावून घ्यावी.

आई म्हणाली, "आक्का, डोळा हाय त्यो, तांब्या न्हाई. जवळ या."

तिनं एकदा आजूबाजूला पाहिलं. मग खाली बसली, दोन बोटांनी दादाची पापणी उघडली आणि उरलेलं दूध थेंब थेंब आत सोडलं. "घरी बोलू नगा कुणी," म्हणाली आणि उठून गेली.

डोळा पुढं निवळला. दुधानं की पाण्यानं, देव जाणे, आणि देव तर आम्ही केव्हाच सोडले होते. दादा तपासणीत पास झाला, खलाशी झाला. पण ते नंतर. तेव्हा तो दोन्ही डोळे मिटून बांधावर पडला होता आणि हौदावरून पाणी ओतल्याचा आवाज येत होता. मी वळून पाहिलं. भर दुपारी ती नेसत्या साडीनिशी डोक्यावरून पाणी घेत होती.

"काय चाललंय गं तिकडं?" दादानं विचारलं.

"बाळाला न्हाऊ घालतीया," मी म्हणाले.

"बाळ तर झोळीत रडतंय," तो म्हणाला. "माझा डोळा गेलाय, कान न्हाई."