गुंडाळलेली मी आणि मातामायचं पारडं

आमच्या घरात माझं वजन हा डॉक्टरांचा विषय नाही, देवीचा आहे.

त्याचं असं झालं. मी नोकरीसाठी परीक्षा देत होते तेव्हा आईने गोंडपिपरीजवळच्या आमच्या गावात मातामायपुढे नवस बोलला. लेकीला सरकारी नोकरी लागू दे, तिच्या वजनाइतका गूळ गावात वाटीन. तेव्हा मी अशी होते की वारा सुटला की आई दारातून हाक मारायची, "ज्योते, आत ये." नोकरी लागली. अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका झाले. पण नवस फेडायचं म्हटलं की काहीतरी आडवं यायचं. आधी माझं लग्न, मग बाळंतपण, मग कोणाचं तरी सुतक, मग कोरोना. देवी बिचारी थांबली. मी थांबले नाही. दर वर्षी थोडी थोडी वाढत गेले आणि माझ्याबरोबर नवसही वाढत गेला.

यंदा चैत्राच्या तोंडावर आईचा फोन आला.

"माह्ये गुडघे आता नाई चालत, ज्योते. मी डोळे मिटाच्या आत मातामायचं फेडून टाकू."

"पण आई, सगळ्या गावासमोर?"

"मंग काय चोरून फेडतेत नवस?"

आमच्याकडे अशा तुलेसाठी धान मोजायचा मोठा तराजू देवळासमोरच्या चिंचेला टांगतात. एका पारड्यात माणूस, दुसऱ्यात गूळ. नियम एकच, पण कडक. एकदा पारड्यात बसलं की दोन्ही पारडी बरोबर येईपर्यंत उतरायचं नाही. मधेच उतरलं तर नवस मोडला, आणि मोडलेल्या नवसाचं आई पुढे जे काही सांगते ते ऐकवत नाही.

त्यात ते गाव माझ्याच हद्दीत! गेली कित्येक वर्षं मी तिथल्या बायांना त्यांच्या लेकरांच्या वजनावरून फाडून खाते. "याचं वजन काऊन नाई वाढलं? काय चारता याले? नुसती बिस्किटं?" आता त्याच बाया लेकरं कडेवर घेऊन समोर उभ्या राहणार आणि माझ्या बाजूचं पारडं जमिनीला टेकलेलं बघणार. विचारानेच मला घाम फुटला. (तो फुकटचा घाम होता. पुढे मी घामासाठी पैसे मोजले.)

नवऱ्याला म्हटलं, काहीतरी सुचवा.

"सकाळी फिराले जात जाय," अशोक म्हणाला.

"तीन आठवड्यांत फिरून काय होते?"

"मंग भात कमी कर."

धान पिकवणाऱ्या झाडीपट्टीतल्या बाईला भात कमी कर म्हणणाऱ्या माणसाशी मी दोन दिवस बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी चंद्रपुरात ऑफिसला जाताना एका पार्लरच्या जिन्यावर पाटी दिसली. बॉडी रॅप. एका बैठकीत बारीक व्हा. मी जिना चढले. (चार पायऱ्यांनंतर दम लागला, तेव्हा खात्रीच पटली की आपण योग्य ठिकाणी आलो.)

पार्लरवाली पिंकी मॅडम स्वतः बांबूसारखी होती. तिने मला समजावलं, "मॅडम, ये डीटॉक्स है. टॉक्सिन निघते, फॅट मेल्ट होते."

"कुठून निघते?"

"स्किनमधून."

"चरबी? कातडीतून?"

"मॅडम, तुम्ही पॉझिटिव्ह राहा."

मी पॉझिटिव्ह राहिले. तिने मला गळ्यापासून घोट्यापर्यंत काळा चिखल फासला. त्याला कॉफीचा वास होता. मग पातळ प्लास्टिकने हातपायांसकट गुंडाळलं आणि वरून विजेचं गरम कांबळं टाकलं. गरम कांबळं! चंद्रपुरात! चैत्रात! ज्या गावात दुपारी कुत्रंसुद्धा नालीत जाऊन बसतं, तिथे मी उकाडा विकत घेऊन त्याच्यात झोपले होते. बाहेर पार्लरच्या गच्चीवर नुसतं उभं राहिले असते तरी हेच काम झालं असतं, हे तेव्हा सुचलं नाही.

थोड्या वेळाने लाइट गेली. कांबळं बंद झालं म्हणून मला बरं वाटणार, तोच लक्षात आलं की एसीही बंद झालाय. पिंकी मॅडम "एक मिनिट हं" म्हणत खाली गेली आणि खालच्या मेडिकलवाल्याशी बोलत उभी राहिली. मला तिचं हसणं ऐकू येत होतं. इकडे माझ्या नाकाला खाज सुटली. आयुष्यात नाकाची इतकी आठवण मला कधी आली नव्हती. हात आत, नाक बाहेर. मी मान वळवून उशीवर नाक घासलं, तर गळ्याचा चिखल उशीला लागला आणि उशीचा चिखल नाकात गेला. मग शिंक आली. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या माणसाने शिंकू नये, एवढाच सल्ला मी देईन.

शेवटी सोडवलं, धुतलं, पुसलं आणि पिंकी मॅडमने कंबरेला टेप लावला.

"देखो मॅडम, पूरे तीन इंच!"

मला रडूच आलं. "आणि वजन किती उतरलं?"

"वजनाचं मशीन आम्ही ठेवत नाही. क्लायंट निगेटिव्ह होते."

मी रोज शंभर लेकरं काट्यावर चढवणारी बाई. अंगणवाडी सेविका जर मला म्हणाली असती की मॅडम, काटा ठेवत नाही, लेकरू निगेटिव्ह होते, तर मी तिला जागेवर नोटीस दिली असती. पण तीन इंच ऐकल्यावर माझं डोकं चालेनासं झालं. जिन्यातच आईला फोन लावला.

"गूळ कमी सांग. मी बारीक होऊन राह्यली."

"मी गुळाच्या आठ मोठ्या भेल्या सांगतल्या. माह्या डोळ्याले तेवढीच दिसते तू."

"सहा बस होतेत. दोन वापस कर. उरलेला गूळ मातामायले नाई चालत ना?"

ते खरंच चालत नाही. आईने दोन भेल्या परत करायचं कबूल केलं. नवसाच्या गोष्टीत ती धोका पत्करत नाही.

त्याच उत्साहात टेलरकडे जाऊन तुलेच्या दिवसासाठी शिवायला टाकलेला ब्लाउज आत घ्यायला सांगितला. मग न्यायला आलेल्या अशोकच्या गाडीवर बसले. इतकी तहान लागली होती की वाटेत उसाचा रस दोन ग्लास प्यायले. घरी जाऊन मठ्ठा. मग माठाजवळ उभी राहून पाणी.

अशोक बघत होता. "जेवढं तिथी निचरून आली, तेवढं इथी भरून राह्यली का?"

"तुले काय समजते त्याच्यातलं?"

संध्याकाळी टेप लावून बघावंसं वाटलं, पण लावला नाही. पॉझिटिव्ह राहायचं होतं. अशा आणखी दोन बैठका केल्या. प्रत्येक वेळी पिंकी मॅडम तीन इंच कमी दाखवायची. या हिशेबाने माझी कंबर आता नऊ इंचांनी कमी झाली होती. ती कुठे गेली, हे आम्ही दोघींनीही एकमेकींना विचारलं नाही.

तुलेच्या दिवशी सकाळी ब्लाउज दंडातच अडला. आईने आतून-बाहेरून पाहिलं आणि सरळ शिवण उसवायला बसली. 

देवळासमोर सगळं गाव जमलं होतं. माझ्या बाया लेकरं घेऊन पुढे बसल्या होत्या. डफडी वाजायला लागली, पुजारी लक्ष्मणभाऊंनी हळद-कुंकू लावलं आणि मी पारड्यात बसले. चिंचेची फांदी करकरली. पारडं धप्पकन खाली आलं. समोरच्या पारड्यात माझा भाऊ दिनेश भेल्या ठेवायला लागला. सहाव्या भेलीनंतर त्याने हात झटकले आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी जमिनीवरच होते. हललेसुद्धा नव्हते.

"काटा अटकला असन," मी म्हटलं.

लक्ष्मणभाऊंनी काटा हलवून पाहिला. "काटा बरोबर हाये, बाई."

"तूच म्हणली होती ना दोन वापस कर," दिनेश म्हणाला.

"मोबाइल काढ तिच्याजवळचा," गर्दीतून कोणीतरी सुचवलं. मोबाइल काढला. घड्याळ काढलं. पर्स काढली. पाटल्या काढल्या. काही फरक नाही. एका म्हातारीने माझ्या केसांतल्या पिना काढल्या. तिचा उद्देश चांगला होता.

गावातलं एकुलतं दुकान बंद होतं, कारण दुकानदार सगळ्यात पुढे उभा राहून मलाच बघत होता. त्याच्याकडचा गूळ सकाळीच प्रसादाच्या खिरीसाठी नेला होता. गोंडपिपरीहून आणायचा तर वेळ लागणार. आणि मला उतरता येत नव्हतं. दिनेश गाडी काढायला पळाला.

तेव्हा मी आईकडे पाहिलं. ती देवीकडे तोंड करून हात जोडून उभी होती आणि पुन्हापुन्हा माफी मागत होती. इतकी वर्षं जपलेला नवस माझ्या तीन इंचांपायी मोडणार, असं तिला वाटत होतं. त्या क्षणी मला स्वतःची लाज वाटायची थांबली आणि नुसता संताप आला. पिंकी मॅडमचा, कांबळ्याचा आणि सगळ्यात जास्त माझा.

सुनंदा उठली. हिला मी मागच्याच महिन्यात लेकराच्या वजनावरून बोलले होते. ती म्हणाली, "ज्याच्या-ज्याच्या घरी गूळ हाये त्यानं आणा वो."

बाया उठल्या. कोणी चहाच्या डब्यातला आणला, कोणी लोणच्यासाठी ठेवलेला, कोणी पुरणासाठीचा. एकीने विचारलं, "मॅडम, अंगणवाडीत लाडवाचा गूळ हाये, आणू का?"

"तो सरकारी हाये. त्याले हात नाई लावाचा," मी पारड्यातूनच दटावलं. एवढा अधिकार शिल्लक होता.

डबे रिकामे होत गेले. हळूहळू माझं पारडं उचललं. मग डुगडुगलं. सुनंदाच्या लेकराच्या मुठीतला खडा त्याच्याकडून मागून घेऊन ठेवला, आणि दोन्ही पारडी समोरासमोर आली. डफडी पुन्हा सुरू झाली. आई ढसाढसा रडली. मीही रडले. सुनंदाने मला हात देऊन उतरवलं आणि कानात म्हणाली, "मॅडम, भेव नोका. माह्या पोट्ट्याचं कसं हळूहळू वाढलं, तसं तुमचं हळूहळू उतरन. बिस्किटं सोडा."

वाटून झाल्यावर आईने पुन्हा देवीपुढे पदर पसरला. मला वाटलं, आभार मानतेय. जवळ गेले तर ऐकू आलं.

"मातामाय, माह्या लेकीचं वजन कमी होऊ दे व माय. झालं तर पुन्हा गुळानं तोलीन तिले."

आता तुम्हीच सांगा, मी काय करू? बारीक झाले नाही तर गाव हसणार, आणि झाले तर पुन्हा त्याच चिंचेखाली, त्याच बायांसमोर, पारड्यात. मी खूप विचार केला आणि देवीला पुन्हा त्रास द्यायचा नाही असं ठरवलं. तेव्हापासून भात दोनदा घेते.