बार्सिलोनात हलणारी क्रेन पाहिली

आमच्या घरात गेली सहा वर्षं एकच वाक्य चालतं: ‘चावी मिळाल्यावर बघू.’ मुलुंडची आमची जुनी चार मजली इमारत रिडेव्हलपमेंटला गेली आणि आम्ही दहिसरला भाड्याच्या घरात आलो. मुलुंडला आधी खड्डा झाला, मग थोडे खांब आले, मग एक क्रेन उभी राहिली. ती क्रेन आजतागायत हललेली नाही. तरी बाबा दर रविवारी बस बदलत तिकडे जातात आणि समोरच्या फुटपाथवरून तिच्याकडे बघून परत येतात.

सोफा? चावी मिळाल्यावर. पडदे? चावी मिळाल्यावर. हॉलची एक अख्खी भिंत खोक्यांनी अडली आहे आणि प्रत्येकावर बाबांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलंय: स्वयंपाकघर, देवघर, नाजूक. ‘स्वयंपाकघर’मध्ये आईचा बिडाचा तवा आहे. तो काढू या म्हटलं की बाबांचं उत्तर ठरलेलं, “पुन्हा बांधत बसायला नको.” म्हणून आई नॉनस्टिकवर घावनं करते. त्यांना जाळी पडत नाही आणि आम्ही कोकणातली माणसं जाळी नसलेल्या घावनाला घावन म्हणत नाही. लाकडी देव्हाराही खोक्यात आहे, देव फ्रिजवर एका स्टीलच्या ताटात बसतात. आई आता तवा मागतही नाही. दुसऱ्याच्या ओट्यावरच तिचं म्हातारपण निघून जाईल, या विचाराने मला खरंच भीती वाटायला लागली होती.

म्हणून या वर्षी मी न विचारता तीन तिकिटं काढली. बाबा ‘चावी मि...’ एवढं म्हणाले आणि मी सांगितलं की पैसे परत मिळत नाहीत. मात्रा लागू पडली.

बार्सिलोनाला जाताना आखातात एक थांबा घेतला की तिकीट बरंच स्वस्त पडतं. व्हिसाच्या अपॉइंटमेंटचं मात्र लवकर बघा, आमची ऐन वेळी वाट लागली होती. हॉटेल मेट्रो स्टेशनच्या जवळ घ्या, छोटं असलं तरी चालेल. मेट्रोचं दहा फेऱ्यांचं कार्ड एका वेळी एकालाच वापरता येतं, त्यामुळे प्रत्येकाचं वेगळं काढावं लागलं. खोलीत पोचल्यावर आईने आपल्या साड्या कपाटात लावल्या. बाबांनी बॅग उघडलीच नाही. “कशाला पसारा? परत भरायचंच आहे ना.” मी आणि आईने एकमेकींकडे पाहिलं.

पहिला दिवस जुन्या शहरात गेला. गॉथिक भागातल्या गल्ल्या इतक्या चिंचोळ्या आहेत की आकाशाची नुसती पट्टी दिसते, आणि वळण घेतलं की एकदम समोर शेकडो वर्षं जुनं चर्च. आम्ही तिघंही माना वर करून चालत होतो, त्यामुळे एकमेकांवर आपटत होतो. रांबला या मोठ्या रस्त्यावर पाकीट पुढच्या खिशात ठेवा, सगळेच सांगतात आणि खरं आहे. त्याच रस्त्यावर बोकेरिया नावाचा बाजार आहे, रविवारी बंद असतो. तिथे मीठ लावून सुकवलेल्या मोठ्या माशांचे तुकडे मांडलेले दिसले आणि आई थबकलीच. “गो बाय, ह्यो तर आपलो खारो मासो!” पुढच्या टेबलावर ताजी मासळी होती. आईने सवयीने एका माशाचं गलफड उचलून पाहिलं. कोळीणबाईंनी डोळे वटारले आणि बोट हलवलं. आई म्हणाली, “मग ताजा आहे ते कळायचं कसं?” त्या बाईंना मराठी येत नव्हतं, पण प्रश्न कळला असावा. त्यांनी स्वतः गलफड उघडून आतला लालभडक रंग दाखवला आणि दोघी हसल्या.

जेवणाचं म्हणाल तर दुपारी ‘आजचा मेन्यू’ घ्यावा, रात्रीपेक्षा निम्म्यात भागतं. टोमॅटो चोळलेला पाव झकास लागतो. पाएया हा त्यांचा मासळीभात आईने चाखला, “अजून एक शिट्टी हवी होती” असा निकाल दिला आणि संपवला.

दुसऱ्या दिवशी टेकडीवरचं पार्क ग्वेल पाहिलं. फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांनी मढवलेला लांबच लांब नागमोडी बाक आणि त्याच्यापलीकडे खाली पसरलेलं शहर, त्याच्याही पलीकडे समुद्र. आईने एका निळ्या तुकड्यावरून बोट फिरवलं. “आपल्या ओट्यामागे अश्शाच होत्या ना रे देवा, पाडल्या तेव्हा मी बघायला गेले नाही,” ती म्हणाली. बाबा समुद्राकडे बघत राहिले.

तिसऱ्या दिवशी सग्रादा फमिलिया, अजून बांधून पुरं न झालेलं इथलं प्रसिद्ध चर्च. तिकीट घरूनच काढून ठेवा, वेळ ठरवून मिळते, आणि शक्यतो उतरत्या दुपारची घ्या. मेट्रोच्या जिन्यावरून वर आलो आणि मागे वळलो. मी फोटो हजारदा पाहिले होते. तरी माझ्या तोंडून “अरे बापरे” एवढंच निघालं. दगडाचं इतकं उंच काही असू शकतं आणि त्या दगडात पानं, कासवं, माणसं, पक्षी असे दाटीने असू शकतात, हे फोटोत कळतच नाही. शंभराहून जास्त वर्षं याचं काम चालू आहे.

बाबांना मात्र आधी दिसली क्रेन. “हलतेय,” ते म्हणाले. खरंच हलत होती, काहीतरी उचलून सावकाश वळत होती. बाबांनी निळ्या आकाशात फक्त क्रेन येईल असा फोटो काढला, खाली लिहिलं ‘काम जोरात सुरू आहे’ आणि तो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. मग आम्ही आत गेलो.

आतलं कसं सांगू? खांब वर जाता जाता झाडांसारखे फांद्या फुटून छताला भिडतात. पश्चिमेच्या काचांमधून केशरी-लाल उजेड येत होता, पूर्वेकडे निळा-हिरवा रेंगाळत होता. आईची पांढरी सुती साडी केशरी झाली होती, बाबांचं टक्कलसुद्धा. माणसं आपोआप हळू बोलत होती. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. बाबा खुर्चीवर बसून बराच वेळ वर बघत होते.

“ज्याने आराखडा केला, त्याला माहीत होतं?” त्यांनी विचारलं. “की पुरं झालेलं बघायला मिळणार नाही?”

“हो. त्याची कबर इथेच खाली तळघरात आहे.”

वेदीच्या मागून फिरताना त्या तळघरात डोकावायला खिडक्या आहेत. खाली दिवे होते, बाकांवर माणसं होती, प्रार्थना चालली होती. मी वाचून सांगितलं की आधी हे तळघर झालं, आणि वरचं काम चालू असतानाच इथे पूजाअर्चा सुरू झाली. आई काचेला कपाळ लावून बघत होती. मग मागे न वळताच म्हणाली, “बघा हो. घर पुरं व्हायचंय म्हणून यांनी देवाला ताटात नाही बसवलं.”

बाबाही शेजारच्या खिडकीतून वाकून खाली बघू लागले.

बाहेर येऊन त्यांनी फोन पाहिला तर मेसेजचा पाऊस. अभिनंदन, हात जोडलेले, फटाके. सगळ्यांना वाटलं क्रेन आमचीच! जुन्या इमारतीतले दुसऱ्या मजल्यावरचे काका तर भांडुपहून रिक्षा करून साइटवर जाऊन आले होते. बाबांचा चेहरा पार उतरला. फुटपाथवर उभं राहून त्यांनी एकेक अक्षर शोधत लिहिलं, ‘क्षमस्व. ही बार्सिलोनाची आहे.’ मग त्या काकांचा व्हॉइस मेसेज आला, बाबांनी तो कानाला लावून ऐकला आणि आम्हालाही ऐकवला: “असू दे हो. तासभर बरं वाटलं. आपली काय, आपण असेपर्यंत हलेल की नाही देव जाणे. तुम्ही फिरा मजेत.”

त्या संध्याकाळी हॉटेलवर बाबांनी बॅग उघडली आणि एक शर्ट हँगरला लावला. दुसऱ्या दिवशी आम्ही निघणार होतो.

परत येऊन आता महिना झाला. मुलुंडची क्रेन आहे तिथेच आहे आणि बाबांचे रविवारही सुटलेले नाहीत. पण आल्यानंतरच्या पहिल्या रविवारी ते गेले नव्हते. मी उठले तेव्हा हॉलमध्ये टेप फाडल्याचा आवाज येत होता. देव्हारा पुसून खिडकीशी मांडलेला होता. बाबा मोरीत बसून नारळाच्या शेंडीने बिडाच्या तव्यावरचा गंज घासत होते, हात कोपरापर्यंत लाल. आईने तवा तेल लावून तापवला. पहिलं घावन चिकटलं, दुसरं फाटलं. तिसऱ्याला जाळी पडली. आईने ते उलथन्यावर धरून उजेडात पाहिलं आणि बाबांच्या ताटात वाढलं.

“आता हे पुन्हा बांधायचं नाही,” ती म्हणाली.

“नाही,” बाबा म्हणाले. “चावी मिळाली की असंच हातात धरून नेऊ.”