साडूच्या गाडीचं ऑईल

माझे वडील इंजिन मिस्त्री होते. इंजिन म्हणजे मोटारीचं नव्हे, विहिरीवरचं डिझेल इंजिन. सायकलच्या कॅरिअरला पान्यांची पिशवी बांधायची आणि सेनगावच्या भोवतालची गावं पालथी घालायची. काम झालं की कोणी ज्वारी द्यायचं, कोणी तूर, कोणी नुसतंच "सुगीला या" म्हणायचं. आई दुसऱ्यांच्या वावरात तण निंदायला जायची. वडिलांच्या अंगाला डिझेलचा वास इतका मुरलेला की लग्नाच्या पंगतीत लोक त्यांच्या शेजारची एक जागा सोडून बसायचे. पुढं गावोगाव लाइट आली, विहिरींवर मोटारी बसल्या, इंजिनं गोठ्यात जाऊन पडली आणि वडील घरी बसले. मी हिंगोलीला कॉलेजला जायचो तो त्यांचाच शर्ट घालून. पोटावर ऑईलचा डाग होता. तो झाकायला वह्या पोटाशी धरून चालायचो. मुली म्हणायच्या, पोरगा लई अभ्यासू दिसतो.

आमच्या घरात दहावीच्या पुढं कोणी गेलं नव्हतं. मी बी.ए. झालो, बी.एड. झालो, शाळेत मास्तर म्हणून लागलो. हे मी मान खाली घालून सांगत नाही. पुसेगावकडच्या एका बऱ्यापैकी शेतकऱ्यानं मला आपली थोरली मुलगी दिली, ती माझ्या शिक्षणाकडं बघूनच. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. मामा मला पारावर नेऊन चारचौघांत सांगायचे, "आमचे जावई. डबल ग्रॅज्युएट!" बी.ए. आणि बी.एड. म्हणजे डबल, हा त्यांचा हिशोब. मी तो कधी दुरुस्त केला नाही.

कैक वर्षं मी त्या घरचा एकुलता एक जावई होतो. मग धाकट्या मेहुणीचं लग्न झालं आणि मला साडू मिळाला. तो बारावीला दोनदा बसला एवढं मला माहीत आहे, पास झाल्याचं कोणी सांगितलं नाही. पुण्यात प्लॉटिंगचा धंदा करतो. या धोंड्याच्या महिन्यात मामांनी आम्हा दोघांना एकाच दिवशी बोलावलं. हा महिना तीन वर्षांतून एकदा येतो. जावयाला नवे कपडे करायचे, पाटावर बसवून ओवाळायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे. आणि जावई दोन असले तर पहिला मान मोठ्याचा. हे कुठं लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक असतं.

मी बायकोला मोटरसायकलवर घेऊन सकाळीच पोचलो. गाडी लिंबाच्या सावलीत लावली. तासाभरानं गल्लीच्या तोंडाला वाघ गुरगुरावा तसा आवाज आला आणि मेहुणीला घेऊन साडू आला. लाल स्पोर्ट्स कार. उंची माझ्या कमरेएवढी, दारं दोनच. आत बसायचं म्हणजे आधी वाकायचं आणि मग पडायचं. मामा धावतच माझ्याकडं आले. मला वाटलं, मला मानानं पुढं न्यायला आले.

"सर, तुमची फटफटी जरा तिकडं घेता का? लाल गाडीला ऊन लागून राहिलं."

मी माझी मोटरसायकल उन्हात नेऊन लावली. घरात आलो तर कूलरचं तोंड साडूकडं वळवलेलं. काचेच्या फुलाफुलांच्या कपात चहा मला मिळायचा, तो कप त्याच्या हातात. शेजारची पोरं दरवेळी मला इंग्रजीचं काहीबाही विचारायला यायची, ती माझ्या पुढ्यातून पळत गाडीकडं गेली.

"तोंड सरळ करा," बायको हळूच म्हणाली. "लोकं बघून राहिले."

"सरळच हाय."

"हे सरळ व्हय? कढईत करपलेल्या अनारशावानी झालंय."

गाडी मला नको होती असं मी म्हणणार नाही. हवी होती. तीच, लाल. मी रात्ररात्र जागून शिकलो, आणि गाडी आली ती बारावीला अडकलेल्या माणसाच्या दारात. नशिबानं पेपर न तपासताच मार्क वाटले, असं मला वाटलं. अजूनही वाटतं.

त्यात भर म्हणून मामा म्हणाले, "धाकट्यांना दुपारीच निघायचंय. त्यांना आधी ओवाळून घेऊ. तुमाला काय सर, राहायचंच हाय."

 मी पाणी पिलो. गार होतं, तरी घशातून गरम गेलं.

तेवढ्यात साडू उठला. "मामा, एक घमेलं अन् जुनी चादर भेटंल का? गाडीचं ऑईल बदलायचं राहिलंय. सामान डिक्कीत हाय, फिल्टर बी. मी कोणाला हात लावू देत नाही, घरीच करतो."

मामांचा चेहरा पडला. "धोंड्याच्या महिन्यात जावई मातीत लोळणार? गाव शेण घालंल माझ्या तोंडात!" मग त्यांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. "सर, तुमच्या वडलांचं तेच काम व्हतं न्हवं? तुमी बघा की. तुमी काय, घरचेच माणूस."

घरचेच माणूस. म्हणजे हा जावई आणि मी गडी. तरी मी "बरं" म्हणालो. नाही म्हणालो असतो तर गाव म्हणालं असतं, सर जळून राहिले. आणि दुसरं असं की ती गाडी मला खालून बघायची होती.

ट्रॅक्टरचा जॅक तिच्याखाली जाईना, इतकी ती जमिनीला टेकलेली. मग कोणाला तरी शोषखड्डा आठवला. मामांनी सांडपाण्यासाठी अंगणात खणून ठेवला होता, छातीएवढा खोल, दगडं भरायची राहिलेली. दोन्ही बाजूंची चाकं दोन्ही काठांवरून जातील एवढीच त्याची रुंदी. पण गाडी वर आल्यावर तिच्या बुडाखालून आत शिरायला जागाच उरत नव्हती. आत जायचं तर आधीच जायचं. मी जुनी लुंगी गुंडाळली, पाने आणि घमेलं घेऊन खड्ड्यात उतरलो.

"दाजी, डोकं खाली घ्या," साडू म्हणाला, आणि त्याची गाडी माझ्या डोक्यावरून आली. ऊन गेलं. वर नुसतं लोखंड आणि ऊब.

खालचं झाकण सोडवलं. बोल्टला पाना लावला, जोर दिला, बोल्ट सुटला आणि ऑईलची काळी धार घमेल्यात पडायला लागली. काठाच्या फटीतून मला फक्त चपला दिसत होत्या. चपला वाढत होत्या.

"सर, उन्हाळी क्लास यंदा खड्ड्यात का?"

"डबल ग्रॅज्युएट म्हणल्यावर डबल काम."

शेजारचे म्हातारेबुवा रिकामा डबा घेऊनच आले होते. "गुरुजी, जळकं ऑईल सांडू नका हां. माझ्या चौकटीला फासायचंय, वाळवी लागलीया."

ऑईल उतरलं. फिल्टर फिरवून काढला, तर त्याची रबरी रिंग वरच इंजिनाला चिकटून राहिलेली. हे नेहमी होतं. तशीच राहू दिली आणि वर नवा फिल्टर बसवला, तर रिंगवर रिंग येते, आणि गाडी जोरात पळवली की सगळं ऑईल बाहेर. हे मला दिसत होतं, दुसऱ्या कोणालाही दिसणं शक्य नव्हतं. पुण्याच्या वाटेवर, जिंतूरच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला उभी राहिलेली लाल गाडी माझ्या डोळ्यांपुढं आली. चित्र छान होतं. पण त्यात माझी मेहुणीही उन्हात उभी होती. आणि जळायचं तर माणसाच्या तोंडावर जळावं, इंजिनाशी काय वैर? नखानं रिंग ओढून काढली, नव्या फिल्टरच्या रिंगेला ऑईलचं बोट लावलं आणि तो हातानं घट्ट बसवला.

आता फक्त बोल्ट राहिला होता. तो माझ्या मुठीत होता.

"दाजी, बोल्ट बसला का? ओतू का ऑईल?" साडूनं विचारलं.

त्याच वेळी मामा घराकडं तोंड करून ओरडले, "अवं, ताट तयार ठेवा! ऑईल झालं की धाकट्यांना बसवू!"

"न्हाई," मी खालून म्हणालो.

"न्हाई म्हंजे?"

"म्हंजे मी रुसलो."

 आमच्याकडं नवरदेव लग्नात रुसतो. घड्याळासाठी, अंगठीसाठी, मोटरसायकलसाठी. सासरच्यांनी समजूत काढल्याशिवाय घास उचलत नाही. मी माझ्या लग्नात रुसलो नव्हतो. फाटका माणूस कशाच्या जोरावर रुसणार? माझा तो हक्क बाकी होता.

म्हातारेबुवांना पहिलं हसू फुटलं. "आरं, जावई रुसला! खड्ड्यात जाऊन रुसला!"

मामा उकिडवे बसले, फटीला गाल टेकवला. मला त्यांची अर्धी मिशी दिसली. "सर, हे काय लावलंय? लोकं हसून राहिले."

"हसू द्या. बोल्ट माझ्याजवळ हाय."

"काय पाहिजे तुमाला? अंगठी?"

"अंगठी नको मामा. मी बी जावईच हाय. एरवी कामाला बोलवा, घरचा म्हणून येतो. आज धोंड्याचं जेवण हाय. पहिला मान मोठ्याचा. तेवढं ठरू द्या, मग बोल्ट बसतो."

"अन् न्हाई ठरलं तर?"

"तर ही लाल गाडी परत लिंबाखाली जात नसती."

आता साडूच ओरडला, "मामा, देऊन टाका की मान! अन् मला कुठं पहिलं बसायचं व्हतं? मला कोणी विचारलंच न्हाई."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. उलट जास्तच जळालो. ज्या मानासाठी मी खड्ड्यात बसलो होतो, तो त्याला नकोच होता. गाडीवाल्यांना मोठं मन परवडतं.

मग सासूबाईंचा आवाज आला, आणि त्या घरात तोच शेवटचा असतो. "ताट माझं हाय, ओवाळणार मी. मोठ्यांना आधी ओवाळीन. सर, या बाहेर, पुरण आटून चाललं."

"अन् आंघोळ दोनदा करा," माझी बायको म्हणाली.

मी बोल्ट बसवला, आवळला. साडूनं वरून नवं ऑईल ओतलं आणि गाडी चालू केली. माझ्या डोक्यावर एका वितीवर ते इंजिन बोलायला लागलं आणि आवाज थेट छातीत शिरला. कुठं थेंब सुटतो का ते बघत मी मान वर करून उकिडवा राहिलो. एक थेंबही सुटला नाही. खालचं झाकण बसवलं. साडूनं गाडी मागं घेतली, ऊन परत आलं, आणि त्यानं मला हात देऊन वर ओढलं.

"दाजी, एक चक्कर मारता का?" चावी त्यानं पुढं केली.

हो अगदी ओठांवर आलं होतं. "आंघोळ करायचीय," मी म्हणालो आणि न्हाणीकडं निघालो. मागं म्हातारेबुवा डब्यात ऑईल ओतून घेत होते.

नवे कपडे घालून बाहेर आलो तेव्हा दोन पाट मांडलेले होते. सासूबाईंनी आधी मला कुंकू लावलं, आधी मला ओवाळलं, पहिला धोंडा माझ्या ताटात वाढला. साडूची पाळी त्यानंतर आली. त्या दिवशीचा पहिला मान मला मिळाला.