कोरा फॉर्म टाकायचा नसतो

मालतीबाई निमगावकर यांचा माझा परिचय त्यांच्या रागापासूनच सुरू झाला. नागपूरहून येऊन भोपाळच्या आमच्या कारखान्याच्या टाऊनशिपमधल्या दवाखान्यात मी त्यांच्या हाताखाली सांख्यिकी सहायक म्हणून लागलो, त्याच आठवड्यात. जिना चढता येतो का, झोप लागते का, मन रमते का, असे फॉर्म रुग्ण स्वतः भरत. भरलेले मी नीट रचले, कोरे केराच्या टोपलीत टाकले. बाईंनी ते एकेक करून बाहेर काढले. "शहाणेच आहात! बरा असतो तो भरतो. ज्याला पेन धरवत नाही, तो कोरा ठेवतो. फॉर्म टाकलात की रुग्णच टाकलात."

संध्याकाळी त्या मला कारखान्यात लेथ चालवणाऱ्या एका टर्नरच्या क्वार्टरवर घेऊन गेल्या. दम्याने वाकलेले ते गृहस्थ म्हणाले, "मैडम, साँस ही नहीं आती, लिखूँ क्या?" बाईंनी खाटेशी बसून एकेक प्रश्न विचारला, उत्तरे लिहून घेतली. कोऱ्या फॉर्मच्या घरी जायचे, आणि जे भेटलेच नाहीत त्यांचा अंदाज या उत्तरांवरून बांधायचा, ही त्यांची रीत.

घरी येणारी नर्स ठेवायची की बंद करायची, हे आमच्या अहवालावर ठरणार होते. बाईंच्या आकड्यांत रुग्णांचे हाल दिसत. वरून हुकूम आला, "सिर्फ भरे हुए फॉर्म गिनिए." बाईंनी सही केली नाही. त्यांना स्टेशनरीच्या खोलीत बसवले. सही करणारा कोणीतरी लागतोच; तो मी. सरासरी गुटगुटीत निघाली, नर्स बंद झाली, मला बढती मिळाली.

टर्नरची बायको बाजारात दिसली की मी रस्ता बदलत असे. बाई मात्र मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. उलट माझ्या मुलीचे गणित त्यांनी घरी बसवून पक्के करून घेतले. चार शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते हो!

आज त्याच दवाखान्याने बाईंचा हा गौरवग्रंथ काढला आहे. काय म्हणावे या कोडगेपणाला! "कडू काही नको," असे समितीने मला बजावले. ज्यांचे लेख आले नाहीत त्यांची नावे वगळल्याचेही कळवले.

बाई, पंचाहत्तरी झाली, शंभरीही ठणठणीत गाठा. जिना चढता येवो, शांत झोप लागो, मन रमो. आणि कधी पेन धरवेनासे झालेच, तर कोरा कागद पाठवा. मी येईन, खाटेशी बसून एकेक प्रश्न विचारीन. या वेळी तो टाकणार नाही.