हवालदार खोतांची अँब्युलन्स

लडाखची पोस्टिंग आली तेव्हा मी कॅप्टन होते. खिंडीच्या पलीकडे आमचं लहान ट्रान्सपोर्ट डिटॅचमेंट होतं. काही ट्रक, दोन अँब्युलन्स आणि एक डिझेलच्या धुराने काळवंडलेला बंकर. पुढच्या पोस्टला रसद पोचवायची आणि कुणी आजारी पडला तर त्याला खिंड ओलांडून खालच्या फील्ड हॉस्पिटलला न्यायचं, एवढं काम. एक अँब्युलन्स नवी होती. दुसरी इतकी जुनी की तिचा रेडिएटर झाळून झाळून मूळचा किती उरला होता, कोण जाणे. ती हवालदार दत्तात्रय खोत चालवत. मूळचे कागलकडचे.

हे आत्ता लिहायचं कारण निनाद. इथे टॅम्पिनीसला, या बारमाही उकाड्याच्या परदेशी शहरात, आमच्याच ब्लॉकमध्ये राहतो, तांजोंग पगारला बँकेत आहे. त्याची कॅनडाला बदली झाली. तिथे पोचण्याआधीच त्याने कुणाकडून तरी जुनी गाडी ठरवली. रविवारी खाली हॉकर सेंटरमधल्या टपरीवर कॉफी घेताना म्हणाला, "मेघनाताई, तुम्ही बर्फात राहिलात ना? सकाळी गाडी चालू कशी ठेवायची, सांगा की. मला तर ऑफिसच्या एसीतसुद्धा हुडी लागते."

मी त्याला सगळं सांगितलं. बॅटरी घरात आणून ठेव. हँडब्रेक लावू नकोस, ब्रेक गोठून चिकटतात. गिअरमध्ये ठेव आणि चाकाला अटकाव लाव. वायपर उचलून ठेव, काचेवर जाड कापड टाक. काचेवर गरम पाणी कधीच ओतू नकोस, तडकते. सुरू झाली की लगेच पळवू नकोस, इंजिनला अंग मोकळं करू दे. तो फोनवर टिपून घेत होता. मग म्हणाला, "हे सगळं तुम्ही रोज करत होतात?"

रोज करत होतो. संध्याकाळी रेडिएटरचं पाणी काढायचं. बॅटरी उचलून बंकरमध्ये बुखारीच्या शेगडीजवळ आणायची. बॉनेटवर जुनी रजई, काचेवर तरट, चाकांखाली फळ्या, नाहीतर टायर जमिनीला धरून बसतात. डिझेलमध्ये थोडं रॉकेल. सकाळी कोमट पाणी भरायचं. उकळतं ओतलं तर ब्लॉक फुटतो. मी आणि खोत बॅटरी दोन्ही बाजूंनी धरून न्यायचो. त्या उंचीवर तेवढ्यानेही धाप लागायची. ते म्हणायचे, "मॅडम, इंजिन म्हातारं हाय, पण मान राखतंय." दोन हिवाळे हेच. कंटाळा यायचा, पण सुटका नव्हती.

दुसऱ्या हिवाळ्यात, एका संध्याकाळी नवी अँब्युलन्स पेशंट घेऊन खाली गेली आणि मागे खिंड बंद झाली. त्या रात्री खोतांनी जुनीचं पाणी काढलं नाही. पाणी गोठू नये म्हणून ते अधूनमधून उठून इंजिन फिरवत राहिले.

सकाळी उजाडताना वायरलेसवर पुढच्या पोस्टचा सेट बोलला. "एक जवान सीरियस. श्वास लागतोय, तोंडातून फेस. खाली आणतोय. ओव्हर."

फुफ्फुसात पाणी. उंचीवरचा आजार. अशा पेशंटला औषधापेक्षा उतार लवकर हवा. मी हेलिकॉप्टर मागितलं. ढग खाली आले होते, नकार आला. बर्फ हटवणारा डोझर पलीकडून रस्ता उघडत येत होता. आमच्या बाजूने खिंडीपर्यंत कसंबसं जाता येणार होतं.

स्ट्रेचर आलं. जवानाचं नाव लाखविंदर. ओठ निळे पडले होते. गाडी एका सेल्फमध्ये सुरू झाली. मागे नर्सिंग असिस्टंट थॉमस ऑक्सिजन धरून बसला. खोत ड्रायव्हिंगला, मी शेजारी.

खिंडीखालच्या वळणावर रस्त्याची कड दिसेना. सगळं पांढरं. खोतांनी गाडी थांबवली.

"मॅडम, स्टिअरिंग तुम्ही घ्या. मी पुढं चालतो. कड मला ठावं हाय."

ते लोखंडी कांब घेऊन उतरले. बर्फात कांब खुपसत पुढे चालले आणि मी त्यांच्या पाठीमागे पहिल्या गिअरमध्ये. मध्येच ते वळून हात करायचे, या. वळण जवळजवळ संपलं होतं. तेव्हा वरून बर्फाचा थर सुटला. आवाज फारसा झाला नाही. समोर पाठ दिसत होती, मग दिसली नाही.

मी गाडी गिअरमधून काढली, चालूच ठेवली आणि फावडं घेऊन धावले. बर्फ रस्ता पार करून नाल्यात गेला होता. मी हाका मारल्या. खणलं. कांब सापडली. थॉमस दारातून ओरडला, "मॅडम, सिलिंडर संपत आलाय." त्याला पेशंट सोडता येत नव्हता. मला एकटीला तो ढिगारा उपसता येत नव्हता.

गाडीतल्या सेटवर सीओंना, म्हणजे आमच्या कमांडिंग ऑफिसरना, कळवलं.

"इंजिन चालू आहे?"

"चालू आहे, सर."

"बंद पडलं तर पुन्हा लागेल?"

"सांगता येत नाही, सर."

मग ते म्हणाले, "मूव्ह. सर्च पार्टी निघाली आहे. तुम्ही पेशंट पोचवा."

"सर, खोत..."

"मेघना, मूव्ह."

मी निघाले. पुढच्या चढावर डोझर भेटला, पलीकडे रस्ता मोकळा होता. उतार लागला तसा लाखविंदरचा श्वास थोडा मोकळा झाला. तो वाचला. खोत दुपारी नाल्यात सापडले. बर्फाखाली ते फार वेळ जिवंत नव्हते, असं डॉक्टर म्हणाले. मला बरं वाटावं म्हणून म्हणाले असतील.

निनादला यातलं काही सांगितलं नाही. तो उत्साहात होता.

पुढच्या सुट्टीत मी खोतांच्या घरी गेले होते. उसाच्या फडाला लागून घर. त्यांच्या पत्नी सुरेखावहिनींनी मला आत चुलीजवळ बसवलं, चहा दिला. घडलेलं सगळं मी सांगितलं. निघून आले, तेही सांगितलं. त्या मान हलवत ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "मॅडम, तिथं थंडी लई असती का हो?"

मी म्हटलं, "हो वहिनी. खूप."

"मला कधी बोलले न्हाईत," त्या म्हणाल्या. "फोनवर इचारलं की म्हनायचे, हवा आपल्यावानीच हाय."