चूल कायनं पेटोली?

नातीनं मला मोबाईल घेऊन दिला. तो सारखं काही ना काही विचारत असतो. परवानगी देता का, खात्री आहे का, पुढं जायचं का. सुरुवातीला मी डोळे बारीक करून वाचलं. मग नुसतं हो, हो दाबत गेले. नात ओरडली, "आजी, न वाचता काहून दाबतं व?"

मी म्हटलं, "जो इतक्यांदा इचारते, त्याचं आयकते कोण?"

तिला ते पटलं नाही. मला पटवायची गरज नाही, कारण मी हे अकोल्याच्या एका जीनाच्या, म्हणजे कापसाच्या कारखान्याच्या, फाटकावर पाहिलेलं आहे. त्यापायी माझ्या सासूची जागा जायची वेळ आली होती.

माझं माहेर तिवशाकडचं. चौथीपर्यंत शाळा झाली, मग लग्न होऊन अकोल्याच्या जुन्या शहरात आले. साठ सालानंतरची ही गोष्ट. दिवाळी झाली की कापूस यायला लागायचा आणि जीन सुरू व्हायचे. रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, कापूस घालायचं काम बायांचं. एका बाजूनं सरकी पडायची, दुसऱ्या बाजूनं रुई निघायची. थंडीत पहाटे भाकरी थापायच्या, ठेच्यासोबत फडक्यात बांधायच्या आणि मोर्णा नदी ओलांडून घोळक्यानं निघायचं. कोणी चालता चालता ओव्या म्हणायच्या, कोणी सासवांच्या चुगल्या करायच्या. मी सासूसोबतच असायचे, म्हणून माझी पंचाईत व्हायची. संध्याकाळी परतताना सगळ्यांच्या केसांवर पांढरे तंतू बसलेले असायचे. तरण्या पोरीही म्हाताऱ्या दिसायच्या. आम्ही एकमेकींना बघून हसायचो. कष्ट पुष्कळ होते, ते परत नकोत. पण ते चालणं अजून आठवतं.

सासूला आम्ही आत्याबाई म्हणायचो. रेच्यावर कित्येक वर्षं काढून तिची छाती भरली होती. कापसाचा धुरळा नाकात गेला की खोकला थांबायचा नाही, तोंड निळं पडायचं. म्हणून मुकादमानं तिला फाटकावर बसवलं. आत जाणाऱ्या बाईला विचारायचं, "आगपेटी हाय का?" आणि हातानं चाचपायचं. फाटकावर मोकळी हवा होती. आत पुन्हा जावं लागलं असतं तर तिनं उन्हाळा पाहिला नसता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तिलाही.

मग नवीन मॅनेजर आला, मुंबईकडचा. त्याच्या आधीच्या हंगामात दुसऱ्या एका जीनात कापसाची गंजी जळाली होती, म्हणून त्यानं धास्ती घेतली. माणूस वाईट नव्हता. त्यानं प्रश्न वाढवले. आगपेटी आहे का, बिडी आहे का, खिळा आहे का, सुई आहे का, किल्ली आहे का, विळी आहे का. लोखंड रेच्यात गेलं की ठिणगी उडते, हे त्याचं खरंच होतं. पण रोज, प्रत्येकीला, सगळंच विचारायचं. चार दिवसांत त्या यादीचं गाणं झालं. आत्याबाई तोंडानं म्हणायची, बाया चालता चालता "नाई, नाई, नाई" म्हणायच्या. काही जणी तर प्रश्नाच्या आधीच नाई म्हणून आत जायच्या. चाचपायलाही वेळ उरायचा नाही.

एका सकाळी माझ्या शेजारच्या रेच्यावरची बाई कापूस उचलायला वाकली आणि तिच्या ओच्यातली आगपेटी कापसात पडली. ती किंचाळली. रेचे थांबवले. आम्ही हातानं कापूस उपसला, पेटी सापडली. काही पेटलं नाही.

मॅनेजर धावत आला. आत्याबाईला म्हणाला, "विचारलं होतं का?"

"इचारलं, साहेब."

तो त्या बाईकडे वळला. "मग तू काय सांगितलंस?"

ती रडत म्हणाली, "नाई म्हटलं असन. मले आठवतच नाई. सकाळी चूल पेटोली अन् पेटी ओच्यात खोसली. घरात ठेवली तर नवरा बिड्याईले संपवते."

ती खोटं बोलत नव्हती. आम्ही सगळ्याच तसं करायचो. चूल पेटली की पेटी कमरेला, आणि कमरेला गेली की डोक्यातून गेली.

मॅनेजरनं आणखी कडक केलं. एकेक प्रश्न थांबून विचारायचा, उत्तर ऐकायचं, प्रत्येकीनं ओचा सोडून दाखवायचा. लाईन रस्त्यापर्यंत गेली. भोंगा झाला की फाटक बंद, बाहेर राहिल्या त्यांचा अर्धा दिवस गेला. शिव्या आत्याबाईला.

"अवो बुढे, आता लुगडंही तूच नेसवून देतं का?"

"लेकरू पाजायचं रायलं माह्यं, अन् इची आपली सुई-किल्ली!"

मुकादम हळूच तिला म्हणाला, "माय, भोंग्याच्या आत लाईन सरली नाई तर साहेब तुमाले आत पाठवून राहिले. रेच्यावर."

त्या संध्याकाळी ती चुलीपाशी बसून राहिली, जेवली नाही. तेवढ्यात शेजारीण गोवरीचा तुकडा घेऊन इस्तो, म्हणजे विस्तव, मागायला आली. आत्याबाईनं विचारलं, "काहून व, पेटी नाई का घरी?"

"हाय ना, पण सापडून नाई राहिली. सकाळीच तर पेटोली चूल..." असं म्हणता म्हणता शेजारणीचा हात आपोआप कमरेला गेला. पेटी तिथंच होती. "आता माय!" म्हणून ती हसायला लागली.

आत्याबाई हसली नाही. तिच्या हाताकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी फाटकावर तिनं यादी म्हटलीच नाही. पहिल्या बाईला विचारलं, "आज चूल कायनं पेटोली व?"

बाई थबकली. "इस्तो आणला जाऊकून."

"जाय."

पुढची म्हणाली, "काडीनं." आणि तिचा हात कमरेला गेला. पेटी तिनंच काढून दिली. फाटकापाशी एक टोपलं होतं, त्यात टाकली. तिसरी म्हणाली, "नवऱ्याच्या मिशीनं पेटोली." सगळी लाईन हसली. आत्याबाई म्हणाली, "मंग मिशी काढून ठेव टोपल्यात." नाई म्हणून पुढं सरकायची सोयच नव्हती. किल्ली-सुईचं ती जिच्या अंगावर काही वाजलं तिलाच विचारायची. भोंग्याच्या आत लाईन संपली.

असे काही दिवस गेले. मग मॅनेजर स्वतः आला. त्याला वाटलं, म्हातारी गप्पा मारते. "चुलीच्या कसल्या चौकश्या चालल्यात? यादी कुठं गेली?" तो तिथंच उभा राहिला. आत्याबाई मुकाट्यानं यादी म्हणायला लागली. सुई, किल्ली, विळी. लाईन अडकली. भोंगा झाला तेव्हा निम्म्या बाया बाहेर. आत रेचे रिकामे फिरत होते. मॅनेजरनं घड्याळ पाहिलं आणि हात हलवला. "सोडा सगळ्यांना. चला, लवकर आत!"

बाया धावल्या. आत्याबाईनं फाटकात हात आडवा घातला.

"थांबा व. इचारलं नाई अजून."

"मी सांगतोय ना सोड म्हणून!" मॅनेजर ओरडला.

"तुमी मले आत पाठवान, ते पाठवा. पण न इचारता सोडणं माह्याकून होत नाई."

मी आत उभी होते. तिनं एकेकीला तोच चुलीचा प्रश्न विचारला. इस्तो, इस्तो, जाऊनं पेटोली, सासूनं, इस्तो. शेवटाकडची एक नवीन बाई "काडीनं" म्हणाली, थांबली, आणि ओच्यात हात घालून पेटी काढली. ती मॅनेजरपासून हातभर अंतरावर होती.

मॅनेजरनं टोपल्यात पाहिलं, घाम पुसला. जाताना म्हणाला, "तुला जे विचारायचं ते विचार. पण भोंग्याच्या आत."

तेही कायमचं चाललं नाही. माघ येता येता बाया "इस्तो, इस्तो" म्हणत चालायला लागल्या. तेव्हा आत्याबाईनं प्रश्न बदलला. कधी "आज तुया घरी कोण उठलं पयले?" कधी "इस्तो कोणाच्या घरचा?" कंटाळा येईपर्यंत एक, मग दुसरा. बाया तिला चावट म्हातारी म्हणायच्या. ती फाटकावरच बसली, पुढचे सगळे हंगाम. आत पुन्हा गेली नाही.